उष्म्याचा हिशेब

सूर्याला आपपरभाव नाहीं, तो राजाच्या महालावर आणि भिकाऱ्याच्या खोपटावर सारखाच तळपतो, असें आपल्याकडे लहानथोर नेहमीं म्हणतात. तत्त्वतः तें खरें आहे. व्यवहारांत मात्र तें टिकत नाहीं. सूर्याचा किरण दोघांकडे सारखाच निघाला, तरी माणसाच्या देहापर्यंत पोंचण्यापूर्वीं तो छपरांतून, भिंतींतून, कामाच्या वेळांतून आणि खिशांतील पैशांतून गाळला जातो. जाड भिंतींच्या घरांत पंख्याखालीं बसलेल्या गृहस्थाला जो उन्हाळा केवळ त्रासदायक वाटतो, तोच पत्र्याच्या झोपडींत विड्या वळीत बसलेल्या बाईच्या जिवावर बेततो. ऊन एकच, परंतु त्याचें ओझें निरनिराळ्या खांद्यांवर निरनिराळें पडतें.

हल्लीं वर्तमानपत्रांतून ‘हवामान-न्याय’ असा एक शब्द वारंवार वाचावयास मिळतो. तो दिसला म्हणजे परदेशांतील परिषदा, लांबलचक ठराव आणि राष्ट्रांच्या प्रतिनिधींचीं भाषणें डोळ्यांपुढें येतात, आणि सामान्य वाचक पान उलटून पुढें जातो. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ अगदीं घरगुती आहे. हवा तापविण्यांत ज्यांचा हात फार थोडा, त्यांनाच त्या तापाची झळ सर्वांत अधिक कां बसावी, आणि त्या झळीची भरपाई कोणीं करावी, एवढाच तो प्रश्न आहे. अहमदाबाद शहरांत गेल्या पंधरा वर्षांत जें घडलें, त्यावरून हा प्रश्न जितका स्पष्ट होतो, तितका तो कोणत्याहि व्याख्येनें होणार नाहीं.

प्रथम उष्म्यानें माणूस मरतो कसा, हें समजून घेतलें पाहिजे. निरोगी मनुष्याच्या शरीराचें आंतील उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सिअस असतें. अन्नाचें पचन आणि स्नायूंचें काम यांमुळें शरीरांत उष्णता सारखी उत्पन्न होत असते, व ती बाहेर टाकणें शरीरास भाग असतें. बाहेरची हवा गार असली तर ती त्वचेवाटे सहज निघून जाते. परंतु हवाच ३७ अंशांच्या वर तापली म्हणजे ती वाट बंद होते, आणि घाम हा एकच तरणोपाय उरतो. एक लिटर घाम वाळतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. माठांतील पाणी ज्या नियमानें गार होतें, त्याच नियमानें देहहि गार राहतो. मात्र पावसाळ्यांत माठ जसें पाणी गार करीत नाहीं, तसाच दमट हवेंत घामहि आपलें काम करीत नाहीं. तो वाळत नाहीं, नुसता ओघळतो.

ही गोष्ट मोजण्यासाठीं शास्त्रज्ञ दोन तापमापक वापरतात. एक कोरडा असतो. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळलेलें असतें. हा ओला तापमापक ३५ अंश दाखवूं लागला, तर धडधाकट माणूसहि, सावलींत बसून हवें तेवढें पाणी प्याला तरी, कांहीं तासांपलीकडे तग धरूं शकणार नाहीं, असें २०१० मध्यें शास्त्रज्ञांनीं गणितानें दाखविलें. पुढें २०२२ मध्यें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानें तरुण व निरोगी स्त्रीपुरुषांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत दमट हवेंतील ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच असल्याचें आढळलें. वृद्ध, अर्भकें आणि दुखणाईत यांची मर्यादा त्याहूनहि खालीं असणार, हें उघड आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें उघड्या मैदानावर एक मोठा समारंभ झाला, आणि त्यास जमलेल्यांपैकीं १४ जण उष्माघातानें मृत्युमुखीं पडले. त्या दिवशीं पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भांतील माणसास तो एप्रिलमधील एक साधा दिवस वाटला असता. परंतु समुद्राजवळची दमट हवा आणि तासन्‌तास डोक्यावर घेतलेलें ऊन यांनीं तो प्राणघातक केला.

पूर आला म्हणजे घरें वाहून जातात, भूकंप झाला म्हणजे वाडे कोसळतात. त्या संकटांच्या खुणा डोळ्यांना दिसतात आणि सरकारासहि पाहाव्या लागतात. उष्म्याचें तसें नाहीं. तो कांहींहि पाडीत नाहीं, कांहींहि वाहून नेत नाहीं. तो आधींच थकलेलें हृदय बंद पाडतो, दुबळीं मूत्रपिंडें निकामीं करतो, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलें जातें तें हृदयविकाराचें किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्याचें. ‘ऊन’ हा शब्द त्या कागदावर क्वचितच उमटतो. आणि जो मृत्यु उष्म्याच्या नांवावर नोंदला गेला नाहीं, त्याच्याबद्दल कोणास जबाबदार धरतां येत नाहीं, त्याच्यासाठीं अंदाजपत्रकांत रक्कम मागतां येत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तो टळावा म्हणून उपायहि योजतां येत नाहीं. दुर्बळांवरील अन्यायाची सुरुवात अशी कोऱ्या राहिलेल्या रकान्यापासून होते.

२०१० सालच्या मे महिन्यांत अहमदाबादेंत पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. गुजराथी माणसास उन्हाळा नवा नाहीं. त्यामुळें प्रारंभीं लोकांनीं त्याकडे नेहमींचा कडक उन्हाळा म्हणूनच पाहिलें. परंतु पुढें गांधीनगर येथील सार्वजनिक आरोग्याची संस्था, अमेरिकेंतील ‘नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल’ ही निसर्गरक्षण करणारी संस्था, कांहीं विद्यापीठें आणि अहमदाबादची महानगरपालिका यांनीं मिळून त्या महिन्याचा छडा लावण्याचें ठरविलें. संशोधकांनीं महानगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या नोंदी काढल्या. दाखल्यावर मृत्यूचें कारण काय लिहिलें आहे, यावर त्यांनीं भिस्त ठेविलीच नाहीं; कोणत्या दिवशीं एकंदर किती माणसें मेलीं, तेवढेंच त्यांनीं मोजलें.

तो हिशेब असा निघाला. २०१० च्या मे महिन्यांत शहरांत ४,४६२ मृत्यु झाले. त्याच्या मागचें २००९ आणि पुढचें २०११ या दोन वर्षांतील मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. प्राथमिक शाळेंतील मुलासहि करतां येईल अशी ही वजाबाकी आहे. तिचें उत्तर १,३४४. म्हणजे नेहमींच्या मानानें त्या एका महिन्यांत शेंकडा ४३ माणसें अधिक मेलीं. एखाद्या साथीनें हें झालें असेल, अशी शंका कोणी काढील. परंतु रोजच्या मृत्यूंचा आंकडा रोजच्या उष्णतामानाबरोबर हलत होता, आणि उष्म्याची लाट ज्या दिवसांत शिगेस पोंचली, त्याच दिवसांत तोहि शिगेस पोंचला. हा अभ्यास २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. एखाद्या शहरांत आगगाडीचा अपघात होऊन तेराशें माणसें दगावलीं असतीं, तर देशभर हाहाकार झाला असता. येथें तेवढींच माणसें गेलीं, आणि शहरास त्याचा पत्ता वजाबाकी केल्यावर लागला.

याच काळांतील एक लहानशी गोष्ट या मोठ्या आंकड्याहून अधिक बोलकी आहे. महानगरपालिकेच्या एका इस्पितळांत बाळंतिणींचा व नवजात अर्भकांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे तापलेल्या गच्चीच्या थेट खालीं होता. दिवसभर गच्ची तापे आणि रात्रभर ती खालच्या खोल्यांवर उष्णता ओतीत राही. पारा ४२ अंशांच्या पुढें गेल्यावर दर एका अंशामागें उष्म्यानें आजारी पडून दाखल होणाऱ्या अर्भकांची संख्या सुमारें शेंकडा ४३ नें वाढते, असें संशोधकांस दिसून आलें. २०१० च्या लाटेनंतर तो विभाग खालच्या मजल्यावर हलविण्यांत आला. त्यानंतर अशा अर्भकांचें प्रमाण अंदाजें शेंकडा ६४ नें उतरलें. नवें यंत्र नाहीं, नवें औषध नाहीं. खाटा खालीं आणल्या एवढेंच. त्या खाटा वर होत्या यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. वरच्या मजल्यावरील उष्म्याचा हिशेब तोंवर कोणीं केला नव्हता, हेंच त्याचें कारण.

आंकडे काढल्यावर दुसरा प्रश्न असा उभा राहतो कीं, हें जादा मरण कोणाच्या वांट्यास येतें? याचें उत्तर श्रीमंत देशांतील अनुभवावरूनहि मिळतें. अमेरिकेंतील शिकागो शहरांत जुलै १९९५ मध्यें आलेल्या उष्म्याच्या लाटेंत ७३९ जादा मृत्यु झाले. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानें त्यांचा पुढें बारकाईनें अभ्यास केला. त्यास दोन शेजारशेजारच्या वस्त्या अशा आढळल्या कीं, दोन्हींत गरिबी होती, दोन्हींत एकटे राहणारे म्हातारे होते. परंतु एकीतील मृत्यूचें प्रमाण दुसरीच्या सुमारें दसपट होतें. पहिल्या वस्तींतील दुकानें बंद पडलेलीं, रस्ते ओस पडलेले, आणि म्हातारीं माणसें भयानें दारें लावून घरांत बसलेलीं. दुसरींत बाजार गजबजलेला, रस्त्यावर माणसांची ये-जा, आणि कोणी दिसला नाहीं तर चौकशी करणारा शेजार. २००३ सालीं युरोपांत सुमारें ७०,००० माणसें उष्म्यानें गेलीं. एकट्या फ्रान्समध्यें हा आंकडा १५,००० च्या आसपास होता, आणि त्यांत एकाकी वृद्धांचा भरणा फार मोठा होता. धनवान् देशांतसुद्धां ऊन अचूक दुबळ्या ठिकाणींच घाव घालतें.

आपल्याकडे हीं दुबळीं ठिकाणें कोणतीं, हें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. बांधकामावर विटा वाहणारा मजूर, हातगाडी लोटणारा भाजीवाला, चौकांत उभा असणारा पोलीस शिपाई, कचऱ्यांतून कागदकांच वेंचणारी बाई, आणि घरीं बसूनच अगरबत्त्या वा विड्या वळणारी स्त्री हे सर्व त्यांत येतात. शेवटची स्त्री उन्हांत जात नाहीं, म्हणून ती सुरक्षित आहे असा समज होतो. प्रत्यक्षांत तिच्या डोक्यावरील पत्रा बाहेरच्या हवेपेक्षांहि अधिक तापतो, आणि त्या कोंदट खोलींत रात्रींहि गारवा येत नाहीं. दिवसाच्या तापानें शिणलेल्या देहास रात्रीं विसांवा मिळाला नाहीं, तर दुसऱ्या दिवशींचा ताप त्यास सोसत नाहीं. उष्म्याच्या लाटेंत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं माणसें कोलमडूं लागतात याचें हें एक कारण आहे.

अहमदाबादेनें हा हिशेब नुसता कागदावर ठेविला नाहीं. २०१३ सालीं महानगरपालिकेनें उष्म्याशीं सामना करण्याची एक योजना अमलांत आणली. दक्षिण आशियांतील कोणत्याहि शहराची अशी ही पहिलीच योजना होय. तिच्यांत तीन रंगांचे इशारे ठरविण्यांत आले. पारा ४१.१ ते ४३ अंशांपर्यंत जाण्याचा संभव असला म्हणजे पिवळा, ४३.१ ते ४४.९ पर्यंत नारिंगी, आणि ४५ किंवा त्याहून अधिक असला म्हणजे तांबडा. सात दिवस आधीं अंदाज मिळावा, अशी सोय करण्यांत आली. इशारा मिळतांच कोणत्या खात्यानें काय करावयाचें, हें अगोदर लिहून ठेवण्यांत आलें: पाणपोया कोठें घालावयाच्या, बागा दुपारीं उघड्या ठेवावयाच्या, रुग्णवाहिकांत बर्फाच्या पिशव्या ठेवावयाच्या, दवाखान्यांतील डॉक्टरांस उष्माघात ओळखण्याचें शिक्षण द्यावयाचें, लोकांस दूरध्वनीवरून व वर्तमानपत्रांतून सावध करावयाचें. पुढें २०१७ मध्यें झोपडपट्ट्यांतील छपरांस पांढरा चुना देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. चुन्यानें ऊन परततें आणि आंतील खोली दोन ते पांच अंशांनीं गार राहते. चुना देण्याचा हा उपाय आपल्या आजोबा-पणजोबांस ठाऊक होता. त्याची जोड हवामानाच्या अंदाजाशीं घातली, हें नवें.

या योजनेचें फळ काय, हेंहि पुन्हां मोजूनच पाहण्यांत आलें. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत योजनेपूर्वींचीं २००७ ते २०१० हीं वर्षें आणि योजनेनंतरचीं २०१४ व २०१५ हीं वर्षें ताडून पाहण्यांत आलीं, आणि वर्षाकांठीं सरासरी सुमारें १,१९० मृत्यु टळले असावेत, असा अंदाज निघाला. अंदाज तो अंदाजच. परंतु तो निम्मा जरी खरा असला, तरी चुना, पाणी आणि वेळेवर दिलेली सूचना यांच्या खर्चाशीं तुलना करतां हा लाभ असामान्य मानावा लागेल. पुढें इतर अनेक शहरांनीं व राज्यांनीं अशाच योजना आंखल्या. महाराष्ट्रांत नागपूर हें त्या वाटेनें लवकर गेलेल्या शहरांपैकीं एक आहे.

तथापि योजना छापल्या म्हणजे न्याय झाला, असें मात्र होत नाहीं. दिल्लींतील ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’ या संस्थेनें २०२३ मध्यें देशांतील अशा ३७ योजना तपासल्या. आपल्या शहरांत वा जिल्ह्यांत नेमक्या कोणत्या वस्त्या आणि कोणते लोक सर्वांत अधिक धोक्यांत आहेत, याची पद्धतशीर पाहणी त्यांपैकीं अवघ्या दोन योजनांत आढळली. बाकीच्या योजना सर्वांसाठीं सारख्याच होत्या. आणि जें सर्वांसाठीं सारखें असतें, तें सर्वांपर्यंत सारखें पोंचतेंच असें नाहीं.

आणखी एक अडचण याहूनहि मूलगामी आहे. दुपारीं बारा ते चार घराबाहेर पडूं नये, हा उपदेश प्रत्येक इशाऱ्यांत असतो. सरकारी नोकरास तो पाळतां येतो, कारण त्याचा पगार महिन्याचा असतो. हातगाडीवाल्यास तो पाळावयाचा झाला तर चार तासांची विक्री बुडवावी लागते, आणि त्या दिवशीं चूल कशानें पेटवावयाची हा प्रश्न पडतो. उपदेश विनामूल्य असतो, परंतु त्याचें पालन विनामूल्य नसतें. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०१९ मध्यें असा हिशेब मांडला कीं, २०३० पर्यंत उष्म्यामुळें भारतांत कामाचे शेंकडा ५.८ तास बुडतील. पूर्ण वेळ काम करणाऱ्या ३ कोटी ४० लक्ष माणसांच्या श्रमाइतकें हें नुकसान आहे. तें सोसणार कोण? ज्याची मजुरी रोजची, तो.

हें ओळखून अहमदाबादेंतच एक वेगळा प्रयोग सुरू झाला. इलाबेन भट्ट यांनीं १९७२ मध्यें स्थापन केलेल्या ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेनें आपल्या सभासदांसाठीं उष्म्याचा विमा काढविला. या विम्यांत आजारपणाचा दाखला द्यावा लागत नाहीं, कीं नुकसानाचा पंचनामा करावा लागत नाहीं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे उष्णतामान गेलें कीं रक्कम आपोआप बँकेंतील खात्यावर जमा होते. २०२४ च्या उन्हाळ्यांत राजस्थान, गुजराथ आणि महाराष्ट्र या तीन राज्यांतील सुमारें ५०,००० स्त्रिया या योजनेंत होत्या, आणि कडक उन्हाच्या दिवसासाठीं ४०० रुपयांची तातडीची मदत तींत ठेविली होती. रक्कम लहान आहे. परंतु एका दुपारीं पथारी न मांडतां घरीं बसण्याची मोकळीक तिनें विकत घेतां येते.

या प्रयोगांतहि उणिवा आहेत, आणि त्या झांकणें योग्य नाहीं. विम्याचा तापमापक असतो एके ठिकाणीं आणि बाईची झोपडी असते दुसऱ्या ठिकाणीं. यंत्रानें मर्यादा ओलांडली नाहीं म्हणून पत्र्याखालची खोली तापली नाहीं असें होत नाहीं. दुसरें असें कीं, हप्त्याचा मोठा भाग देणगीदार संस्थांनीं उचलला म्हणून हें जमलें. देणगी आज आहे, उद्यां नसेल. शिवाय जो धोका वर्षानुवर्षें वाढतच जाणार, त्याचा हप्ताहि वाढतच जाणार. म्हणून विचार करणारा मनुष्य शेवटीं या प्रश्नाशीं येऊन थांबतो: ज्या स्त्रीनें हवा तापविली नाहीं, तिनें त्या तापाचा हप्ता कां भरावा?

येथें हिशेबाची दुसरी बाजू उघडावी लागते. दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळल्यानें जो कर्बाम्ल वायु, हल्लींच्या भाषेंत कार्बन डायऑक्साइड, हवेंत जातो, तो पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. १९५८ मध्यें हवाई बेटांतील मौना लोआ येथें त्याचें नियमित मोजमाप सुरू झालें, तेव्हां ते ३१५ च्या आसपास होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत. पृथ्वीचें सरासरी उष्णतामान २०२४ सालीं यंत्रयुगापूर्वींच्या मानानें सुमारें दीड अंशानें अधिक होतें. दीड अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु सरासरी थोडी सरकली म्हणजे तिच्या टोंकाचे दिवस, म्हणजे ४५ आणि ४६ अंशांचे दिवस, पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक वेळां येऊं लागतात.

हा वायु एकदां हवेंत गेला कीं शेंकडों वर्षें तेथें राहतो. म्हणून आज कोण किती धूर सोडतो एवढेंच न पाहतां आजवर कोणीं किती सोडला, हेंहि पाहावें लागतें. आजवरच्या साठ्यांत एकट्या अमेरिकेचा वांटा सुमारें चौथा हिस्सा आहे; जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा ज्या भारतांत राहतो, त्याचा वांटा शेंकडा तीन-चार एवढाच आहे. म्हणूनच १९९२ च्या रिओ येथील परिषदेंत, जबाबदारी सर्वांची असली तरी ती सर्वांवर सारखी नाहीं, हें तत्त्व राष्ट्रांनीं मान्य केलें. नुकसानभरपाईच्या निधीस त्यांची संमति मिळण्यास मात्र २०२२ साल उजाडावें लागलें, आणि २०२३ च्या अखेरीस दुबई येथें तो निधि सुरू झाला. तेथें मिळालेलीं पहिलीं आश्वासनें सुमारें ७० कोटि डॉलरांचीं होतीं. याच्या आदल्या वर्षीं एकट्या पाकिस्तानांत आलेल्या महापुरानें झालेली हानि ३,००० कोटि डॉलरांच्या वर होती. या दोन आंकड्यांचा भागाकार ज्याचा त्यानें करून पाहावा.

कायद्याच्या क्षेत्रांत मात्र पावलें अधिक निश्चयानें पडूं लागलीं आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२४ मध्यें, माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधींच्या दाव्यांत, हवामान-बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क घटनेंतील समतेच्या आणि जीविताच्या हक्कांतून निघतो, असा निर्णय दिला. पॅसिफिक महासागरांतील कायद्याच्या विद्यार्थ्यांनीं २०१९ मध्यें उचललेला प्रश्न व्हानुआटू या चिमुकल्या राष्ट्रानें हातीं घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढें नेला, आणि २३ जुलै २०२५ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें एकमतानें मत दिलें कीं, हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे, आणि तें मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊं शकते. हें मत सल्ल्याच्या स्वरूपाचें आहे, बंधनकारक नव्हे. तरी दावा मांडणाऱ्या दुर्बळाच्या हातीं तें एक लेखी आधार देतें. आणि असा दावा मांडतांना न्यायालय पहिली गोष्ट विचारतें ती ही: नुकसान किती झालें, आणि तें कशानें झालें? अहमदाबादच्या त्या वजाबाकीसारखे हिशेब येथेंच उपयोगीं पडतात.

मात्र परराष्ट्रांकडे बोट दाखवितांना घरांतील हिशेबहि विसरतां येत नाहीं. दरसालच्या धुराचा विचार केला तर भारताचा क्रम आज जगांत तिसरा आहे, आणि देशाच्या आंतहि विषमता आहेच. ज्याच्या घरीं मोटार आहे, ज्याच्या खोल्या यंत्रानें गार होतात, त्याचा वांटा आणि झोपडींत एक दिवा जाळणाऱ्याचा वांटा सारखा नाहीं. हवा गार करणारें यंत्र उष्णता नाहींशी करीत नाहीं. खोलींतील उष्णता तें रस्त्यावर टाकतें. ती जेथें टाकली जाते, तेथेंच इमारतीचा पहारेकरी स्टुलावर बसलेला असतो. राष्ट्राराष्ट्रांमधील जो अन्याय सुशिक्षित माणसास सहज दिसतो, त्याचीच लहान आवृत्ति त्याच्या खिडकीखालीं उभी असते.

चैत्र-वैशाखांत पाणपोई घालणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलेलें आहे, आणि ती प्रथा सुंदर आहे. परंतु पाणपोई हें दान आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालतें. न्याय म्हणजे जें मर्जीवर सोडलेलें नसतें तें. दुपारच्या कामाची वेळ बदलूनहि मजुरी न कापणें, धुणेंभांडीं करणाऱ्या बाईस भर उन्हांत चार घरें फिरावयास न लावणें, पहारेकऱ्यास सावली आणि पंखा देणें या गोष्टी प्रत्येक गृहस्थाच्या हातांतल्या आहेत, आणि त्या उपकार म्हणून नव्हे तर देणें म्हणून केल्या पाहिजेत. याहूनहि महत्त्वाचें म्हणजे प्रत्येक शहरांतील नागरिकांनीं आपल्या नगरपालिकेस एक साधा प्रश्न विचारावयास पाहिजे: गेल्या मे महिन्यांत रोज किती माणसें मेलीं, कोणत्या प्रभागांत मेलीं, आणि मागील वर्षांच्या मानानें तीं किती अधिक होतीं? नोंदवह्या प्रत्येक शहरांत आहेत. वजाबाकी प्रत्येकास येते. ती मागण्याचें काम ज्यांना लिहितांवाचतां येतें त्यांच्याकडे आहे. ज्यांचीं नांवें त्या वजाबाकींत येतात, त्यांना तें करावयास सवड मिळालेली नसते.